खळं न्हाय, रनवे हाय

गेल्या महिन्यात माझ्या घरी तिघं जण आले. दूरच्या एका गावातली माणसं. त्यांच्या नगरपालिकेची एक लहानशी धावपट्टी आहे, ती बंद करून तिथं प्लॉट पाडायचं घाटतंय आणि ती वाचवायला यांनी समिती काढली आहे. "तुमच्या गावानंही असा लढा दिला होता म्हणे. तुम्ही तेव्हा नगरसेविका होता. काही मार्गदर्शन करा," असं म्हणाले. बरोबर शाल आणि नारळ आणला होता. नारळ बघूनच माझं डोकं फिरलं, पण दारात आलेल्या माणसाला तसं कसं बोलायचं.

मी एकच विचारलं, "तुमच्या धावपट्टीवर वाळत काय घालतात?"

ते एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मग त्यांच्यातला पुढारी छाती काढून म्हणाला, "आता काही नाही ताई. आम्ही आल्या आल्या कुंपण घातलं. शेळ्या-मेंढ्या, धान्य, सगळं बंद केलं."

"मग चहा घ्या," मी म्हणाले, "आणि घरी जा. तुमची धावपट्टी गेली."

बिचारे कानकोंडे झाले. त्यांचा तरी काय दोष? त्यांनी गुलाबराव कॅप्टन बघितलेला नव्हता. मी बघितला होता, चांगला सहा-सात वर्षं बघितला होता. तो अजून धडधाकट आहे, त्यामुळे मेलेल्याबद्दल जपून बोलायची अडचण मला नाही. आणि त्याच्याबद्दल जपून बोलावं असं मला कधी वाटलंही नाही.

आमचं गाव बारामती आणि इंदापूर यांच्या मध्ये कुठंतरी आहे. नाव सांगत नाही, आधीच कमी शोभा झालेली नाही. गावाबाहेरच्या गायरानात कधीकाळी कुणा मोठ्या माणसाच्या हौसेनं धावपट्टी झाली आणि पुढं ती नगरपालिकेच्या गळ्यात पडली. विमान यायचं महिन्या-दोन महिन्यांतून एखादं. कधी उसावर औषध मारणारं, कधी कुणी मंत्री, कधी एखाद्या कारखान्याचे पाहुणे. बाकीचे दिवस ती काळीभोर, सपाट डांबराची पट्टी उन्हात पडलेली असायची. तिला लागून आमची वस्ती. आमची बौद्ध घरं, घरटी थोडी थोडी जिरायत, आणि त्या जिरायतीत शाळूची ज्वारी.

त्यामुळे धावपट्टी आमचं खळं झाली, यात नवल काय? मार्चमध्ये कणसं आणून डांबरावर पसरायची, वरून ट्रॅक्टर फिरवायचा, वाऱ्याला उभं राहून उफणायचं. पोरी सायकल शिकल्या त्या तिथंच. जयंतीची मिरवणूक तिथूनच वळसा घालून यायची. तेव्हाचे वॉचमन होते इनूसभाई. त्यांनी वस्तीशी एक रीत ठरवून टाकली होती. विमान येणार असल्याचा निरोप आला की ते आपल्या खोपीजवळच्या उंच बांबूवर तांबडं फडकं चढवायचे. ते दिसलं की वस्तीतल्या सगळ्या बाया खराटे घेऊन पळत सुटायच्या. धान्य ताडपत्रीत, भूस कडेला, आणि मग पट्टी अशी झाडायच्या की विचारू नका. झाडणारच! दाणा त्यांचा होता. एक एक दाणा वेचताना खडाही उचलला जायचा. मग सगळ्यांनी बांधाच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं, पोरांना कमरेशी धरायचं, आणि विमान थांबेपर्यंत कुणी पाऊल पुढं टाकायचं नाही. हे आमच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

एकदा एका पायलटनं उतरल्यावर इनूसभाईंना विचारलं, एवढी स्वच्छ पट्टी मला कुठं मिळत नाही, झाडतं कोण? इनूसभाईंनी भागूआत्याकडं बोट केलं. भागूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, खळ्यावरची मुकादम. पायलटनं तिला कडक सलाम ठोकला. आत्या पुढं प्रत्येक लग्नात ही गोष्ट सांगायची आणि सलाम करून दाखवायची, डाव्या हातानं.

आणि अशा या जागी गुलाबराव कॅप्टन उगवला.

कॅप्टन कसला डोंबलाचा! विमानदलाच्या भांडारात ब्लँकेटं आणि बूट देण्या-घेण्यात त्याची नोकरी गेली. विमानात बसला तो एकदाच, तेही सामानाच्या गठ्ठ्यांवर, आणि त्या एका प्रवासावर त्यानं उरलेला जन्म काढला. पेन्शन घेऊन गावी आला तो निळी टोपी आणि काळा चष्मा घालूनच. घरात जेवायला बसतानाही चष्मा काढायचा नाही म्हणे. समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलायची सवय त्याला नव्हती. तो आभाळाकडे बघून बोलायचा, आणि आपणही मान वर करून ऐकत राहायचं. मध्येच बोट तोंडात घालून ओलं करायचा आणि वर धरायचा. "वारा पश्चिमेचा. लँडिंगला झकास!" लग्नाच्या मांडवातसुद्धा. गावातला एक म्हातारा गेला तेव्हा मयतीला येऊन हा म्हणाला, "लई स्मूथ टेकऑफ घेतला गड्यानं." म्हाताऱ्याच्या पोरानं त्याला तिथंच हाणला नाही, ही त्या पोराची सज्जनता.

आम्हा सगळ्यांना तो 'सिव्हिलियन लोक' म्हणायचा. बारामतीत एमआयडीसी वाढत होती, मोटारसायकलींची रांग लागत होती, त्यामुळे गावातल्या पैसेवाल्यांना आपलीही धावपट्टी गजबजेल अशी स्वप्नं पडत होती. त्याच सुमाराला नगरपालिकेत काही जणांनी उलटा सूर लावला, की पट्टीचा खर्च झेपत नाही, बंद करा, प्लॉट पाडा. मग धावपट्टी बचाव समिती निघाली आणि अध्यक्ष कोण? टोपी ज्याची निळी तो. मीही समितीत गेले. मला विमानाचं काही सोयरसुतक नव्हतं. पट्टी राहिली तर वस्तीचं खळं राहणार होतं, पोरांचं मैदान राहणार होतं, आणि प्लॉट पडले तर आमच्या दारासमोर बंगल्यांच्या भिंती उभ्या राहणार होत्या. माझं गणित इतकं सरळ होतं.

इनूसभाई तोवर रिटायर होऊन इंदापूरला लेकीकडं राहायला गेले होते. कॅप्टननं पहिलं काम काय केलं असेल? धावपट्टीला काटेरी तार मारली. आणि तीही कुठं, तर आमच्या वस्तीच्या अंगाला. पलीकडच्या बाजूला उसाची शेतं होती, कॅप्टनच्या भावकीची. तिकडं मोठं फाटक ठेवलं, त्यातून उसाचे ट्रॅक्टर आडवे पट्टीवरून जायचे, चिखलाची ढेकळं सांडत. त्याला 'सर्व्हिस रोड' असं नाव दिलं होतं. आमची ज्वारी म्हणजे अडथळा आणि त्यांचा ऊस म्हणजे सर्व्हिस! वा रे कॅप्टन!

तार मारली त्या दिवशी आत्याची ज्वारी पट्टीवर होती. मळून झालेली, उफणायची तेवढी बाकी. कॅप्टन फळी लावलेला ट्रॅक्टर घेऊन आला.

"उचला हे," आभाळाकडे बघत म्हणाला.

आत्या म्हणाली, "उचलतो की आबा. सांजच्याला वारा सुटला की उफणतो आन् नेतो. इमान येनार हाय का आज?"

"इमान येऊ न्हायतर न येऊ. खळं न्हाय हे, रनवे हाय!"

"व्हय, पर इनूसभाई तर..."

"त्यो वॉचमन होता. मी कॅप्टन हाय." आणि त्यानं ड्रायव्हरला हात केला. त्या फळीनं आत्याच्या ज्वारीची रास ढकलत ढकलत मुरमात नेली. वर्षाचं धान्य खड्यांत कालवलं. आत्या आणि तिच्या सुना पुढं चार दिवस ते निवडत बसल्या होत्या. मी निरोप मिळाल्यावर धावत गेले तेव्हा हा चष्मा पुसत उभा होता. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा विनाचष्म्याचं बघितलं. अगदी साधे, मिचमिचे डोळे होते. मी त्याला जे जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

समितीच्या बैठकीत मी विषय काढला. म्हणाले, वस्तीतल्या चार बायांना समितीत घ्या, तार काढा, तांबड्या फडक्याची रीत पुन्हा सुरू करा. उद्या नगरपालिकेत ठराव आला तर सभागृह भरायला कोण येणार आहे? तुमचे ते पैसेवाले? पट्टीवर ज्याचं पोट आहे तोच तिच्यासाठी भांडेल.

कॅप्टन पंख्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, तुमच्या लोकांला इमानातलं काय कळतंय?"

"त्यांना विमान उतरताना कुठं उभं राहायचं एवढं कळतं," मी म्हणाले.

सगळे हसले. मला वाटलं मला दाद दिली. नंतर कळलं की मलाच हसले होते.

तारेनंतर पट्टीचं काय झालं हे सांगायला नको. झाडणारं कुणी उरलं नाही. ढेकळं वाळून खडे झाले, डांबराच्या भेगांतून गवत वर आलं. कॅप्टन रोज सकाळी टोपी घालून एक फेरी मारायचा, पण वाकून खडा उचलायचा नाही. ते काम त्याच्या हुद्द्याचं नव्हतं.

मग ती पाहणी ठरली. धावपट्टी ठेवायच्या लायकीची आहे की नाही ते बघायला मुंबईचे साहेब येणार, तेही विमानानंच. त्यांचा अहवाल चांगला आला असता तर नगरपालिकेतल्या बंदवाल्यांची तोंडं गप्प झाली असती. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? पट्टी झाडून घेतली असती आणि गप उभा राहिला असता. पण आमच्याकडं पाहुणा म्हटला की सत्कार आला, सत्कार म्हटला की कमान आली. गाव सुधारायचं राहिलं तरी चालेल, पण कमान पाहिजे! कॅप्टननं पट्टीच्या पश्चिम टोकाला, अगदी डांबरावर, रिकाम्या पिंपांत बांबू रोवून भलीमोठी स्वागत कमान उभी केली. वर थर्मोकोलचं विमान. त्याचा हिशोब असा की वारा नेहमी पश्चिमेचा, विमान वाऱ्याच्या तोंडाला उतरतं, म्हणजे ते पूर्वेकडून येणार, पळत पळत पश्चिमेला कमानीपुढं थांबणार, साहेब उतरणार आणि लेझमाच्या तालावर कमानीखालून चालत व्यासपीठावर येणार. सकाळी सगळ्यांसमोर बोट ओलं करून वर धरलं. "पश्चिमेचा! झकास!"

गर्दी पाहिजे म्हणून आसपासच्या गावांतून ट्रक भरून माणसं आणली. आमच्या वस्तीला मात्र आमंत्रण नाही. वस्ती तारेच्या पलीकडे उभी होती आणि मी हार घेऊन व्यासपीठावर, समितीतली शोभेची बाई.

दुपारी वारा फिरला. शेजारच्या गुऱ्हाळाचा धूर सकाळी गावाकडं चालला होता, तो आता उलट पश्चिमेकडं वाकला. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तारेपलीकडून आत्याचा आवाज आला, "वारं फिरलं! कमानीकडनं येनार त्ये!" उफणणाऱ्या बाईला वारा कुठून आहे हे कुणी शिकवायला लागत नाही. तेवढ्यात घरघर ऐकू आली आणि ट्रकांतून आणलेली सगळी गर्दी विमान बघायला धावत थेट डांबरावर गेली. कमानीखाली तर जत्रा भरली. लेझीमवाले मधोमध.

"आरं गुलाबा, मान्सं मागं घे!" आत्या तार धरून ओरडत होती. "तांबडं लाव! तांबडं! आमाला आत सोड, आमी हटवतो सगळ्यास्नी!"

आणि तो काय म्हणाला माहीत आहे? एका हातानं सत्कारासाठी बांधलेला फेटा सावरत, दुसऱ्या हातानं तिला हाकलत, "म्हातारे, तारंच्या भाईर! खळं न्हाय, रनवे हाय!"

मी हार टाकला आणि इनूसभाईंच्या खोपीकडं पळाले. तांबडं फडकं खुंटीला तसंच होतं. पण ते चढवायचा बांबू जागेवर नव्हता. गावातला सगळ्यात उंच बांबू तोच, म्हणून तो कमानीला लावला होता. मी फडकं हातात घेऊन वेड्यासारखी हलवत पट्टीकडं गेले, तर लोकांना वाटलं बाईच्या अंगात उत्साह आलाय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

विमान पश्चिमेकडून खाली आलं, कमान बघून वर गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. लोकांना वाटलं घिरट्या घालून नमस्कार करतायत. लेझीम आणखी जोरात सुरू झालं, पोरं रुमाल हलवायला लागली. मग विमानानं एकदा लांबून वळसा घेतला आणि सरळ पुण्याकडं निघून गेलं.

कॅप्टननं त्याला कडक सलाम ठोकला. मग माईक हातात घेऊन म्हणाला, "साहेबांनी वरूनच पाहनी केलेली हाय. पाहनी समाधानकारक." आणि नारळ व्यासपीठावरच फोडून वाटला.

अहवालात जे यायचं ते आलं. पट्टीवर अडथळे, लोकांचा मुक्त वावर, उतरणं धोक्याचं. ठरावाच्या सभेआधी मी वस्तीत घर अन् घर फिरले. सभागृह भरलं तर काही सभासद बिचकतील, अजून वेळ आहे, चला, म्हणाले. भागूआत्या चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"कशाला येऊ सुमे? कुनाचा रनवे? खळं असतं तर आले असते. त्यो म्हनला खळं न्हाय, तर न्हाय."

सभेला वस्तीतलं कुणी आलं नाही. समितीतले पैसेवाले आले, पण ते कोपऱ्यात प्लॉटच्या नकाशावर वाकलेले. कॅप्टन प्रेक्षकांतून उठून देशाच्या हवाई संरक्षणावर बोलायला लागला तेव्हा सभागृह खिदळलं. ठरावाच्या विरोधात हात वर झाला तो माझ्या एकटीचा. आठवड्याभरात तार निघाली. आमच्यासाठी नाही, प्लॉटच्या दगडांसाठी.

गोष्ट इथं संपली असती तर मीही कदाचित ती विनोदानं सांगितली असती. पण ज्वारी दर वर्षी येते आणि तिला सपाट जागा लागते. पुढच्या मार्चपासून वस्तीची मळणी इंदापूर रस्त्यावर गेली. एका बाजूला कणसं, दुसऱ्या बाजूनं उसाच्या ट्रॉल्या, दुधाचे टँकर, ट्रक. एक दिवस अंगावर आलेल्या ट्रकला बघून सगळ्या बाया बाजूला झाल्या, आत्या ताडपत्रीचं टोक ओढत राहिली. तिचं डावं पाऊल गेलं. ज्या बाईला विमान आल्यावर कुठं उभं राहायचं ते ठाऊक होतं, तिला रस्त्यावर कुणी तांबडं फडकं दाखवलं नाही.

दवाखान्यात ती शुद्धीवर आली तेव्हा पहिलं विचारलं, "ज्वारी गोळा क्येली का गं?" मी बाहेर व्हरांड्यात येऊन रडले आणि रडता रडता गुलाबरावाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ट्रकवाल्याला मी कधीच विसरले. गुलाबरावाला विसरत नाही. पट्टीवर त्याचं प्रेम होतं असं लोक मला सांगतात. असेल. चुलीत घाला ते प्रेम! ते इतकं होतं की तिच्यावर जगणाऱ्या माणसांना त्यानं तिच्यापासून तोडलं आणि मग ती वाचवायला माणूस शोधत बसला. त्या तिघांना मी हेच सांगितलं. त्यांनी चहा अर्धवट सोडला आणि शाल विसरून गेले.

कॅप्टनला मी शेवटचं बघितलं ते आत्याच्या अपघातानंतरच्या मार्चमध्ये. बारामतीहून एस.टी.नं येत होते. वस्तीच्या अलीकडं गाडीचा वेग एकदम कमी झाला. ड्रायव्हर शिवी हासडून बाहेर बघायला लागला, म्हणून मीही खिडकीतून मान काढली.

रस्त्याच्या मधोमध तो उभा होता. निळी टोपी, पण चष्मा नव्हता. हातात उंच बांबू आणि बांबूला इनूसभाईंचं तांबडं फडकं. मागं रस्त्याच्या अर्ध्या भागावर ज्वारी पसरलेली, बाया उफणत होत्या. तो आभाळाकडे बघत नव्हता. सरळ ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघून ओरडत होता.

"ए! दिसत न्हाय व्हय? हळू घे! खळं हाय हितं, खळं!"

गाडीतले काही जण हसले. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "रोज असतोय म्हातारा. सकाळपासनं सांजंपतूर. सुधारला आता."

सुधारला म्हणे! त्यानं मला ओळखलं. त्याचा बांबू जरासा खाली आला, सलाम करावा की नको असं त्याचं झालं असावं. मी खिडकीची काच ओढून घेतली. ड्रायव्हरनं गाडी पार कडेनं, चाकं मातीत उतरवून नेली. एक दाणा चाकाखाली आला नाही. पुढं लिंबाखाली भागूआत्या पोत्यावर बसली होती, एक पाय पुढं पसरलेला, दुसरा लुगड्यात ओढून घेतलेला, आणि तिथूनच बायांना ओरडून सांगत होती की वारं फिरलंय, तोंडं इकडं करा.